भूमध्य समुद्रात छोट्या जहाजाची ट्रिप: आई-पप्पांना घेऊन जावं का? कोण जाऊन आलंय का?

राजारामपुरी_१३वी

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर विचारतोय, कंटाळू नका. पप्पा गेल्या दिवाळीत रिटायर झाले आणि येत्या वर्षी आई-पप्पांच्या लग्नाला ४० वर्षं होतात, म्हणून मी आणि ताईनं मिळून थोडे पैसे बाजूला काढलेत, दोघांना कुठंतरी लांब न्यायचं ठरलंय. कुठं जायचं विचारलं तर ज्या माणसानं आजवर स्वतःसाठी साधी छत्री मागितली नाही तो म्हणतोय "जहाजातनं फिरायचंय." हे डोक्यात कुठनं आलं कुणास ठाऊक. आमचा समुद्राशी संबंध म्हणजे वर्षातनं एकदा गणपतीपुळे, देवदर्शन, पायाला पाणी लावायचं आणि आंबा घाटातनं रात्रीच्या आत घरी.

ट्रॅव्हलवाल्यानं दोन कागद हातात ठेवलेत. एक मोठं जहाज, तीन-चार हजार माणूस, आत लिफ्ट, थिएटर, पोहायचे तलाव, सगळं. दुसरं क्रोएशियात, स्प्लिट ते डुब्रॉव्हनिक, सात रात्री, जहाज एवढंसं की सगळे मिळून ३६ प्रवासी. पैशात फार फरक नाही. पप्पांचं बोट दुसऱ्या फोटोवर, आईचं पहिल्या.

आईचे गुडघे दुखतात, पण काठी वगैरे नाही. सोमवार-शुक्रवार शाकाहारी, इतर दिवशी मासे चालतात. बसमध्ये घाटात तिला मळमळतं, मग जहाजात काय होईल? जूनमध्ये जावं का ऑगस्टमध्ये? आणि मुख्य म्हणजे, जे जाऊन आलेत त्यांनी खरं सांगा, फोटो टाकून झाल्यावर, सहा महिन्यांनी काय वाटतं? पैसे वसूल?

मिसळ_जादा_कट

भावा, आधी पप्पांना रंकाळ्यावर संध्याकाळी वारा सुटल्यावर तासभर बसवून बघ. तेवढ्यावर भागलं तर भेळेचा खर्च माझ्याकडं.

(गंमत केली रे. घेऊन जा, परत परत कोण मागतंय.)

तटाकडील

आम्ही २०२४ च्या जूनमध्ये हीच ट्रिप केली, स्प्लिट ते डुब्रॉव्हनिक, जहाज दुसरं असेल पण प्रकार तोच. राहवत नाही म्हणून लिहितोय, लांबलचक होणार, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे "क्रूझ" हा शब्द डोक्यातनं काढून टाका. चार एसट्या एकापुढं एक लावल्या की संपलं, एवढं लांब जहाज. कप्तान आणि मालक एकच माणूस, स्वयंपाकी त्याचा मेव्हणा, आणि जो पोरगा सकाळी कॉफी आणून देतो तोच दुपारी दोर फेकतो आणि संध्याकाळी बारमध्ये उभा असतो. खोली म्हणजे रेल्वेच्या फर्स्ट क्लासचा डबा अधिक एक बाथरूम, ज्यात साबण खाली पडला तर दार उघडून बाहेर येऊन वाकायचं. आमची खालच्या मजल्यावर होती, गोल काच, पाण्याच्या जरा वर. पहाटे डोळा उघडला की नाकासमोर समुद्र. मला ते फार आवडलं, आमच्या ह्यांना पहिल्या रात्री हौदात झोपल्यासारखं वाटलं.

रात्री जहाज चालत नाही, धक्क्याला बांधलेलं असतं. हे कुणी सांगत नाही आणि हेच महत्त्वाचं आहे, कारण झोप नीट होते. सकाळी नाश्ता करून निघायचं, दोन-तीन तास जायचं, मग एखाद्या खाडीत इंजिन बंद करून शिडी खाली सोडतात आणि सगळे पाण्यात. आमचे हे पंचगंगेत पोहायला शिकलेले. तिसऱ्या दिवशी ह्यांना राहवलं नाही, वरच्या डेकवर चढले आणि तिथनं मुटका मारला. एवढं पाणी उडालं की खाली पुस्तक वाचत बसलेल्या दोन जर्मन बायका भिजल्या. मला वाटलं आता भांडण होतंय, तर त्या उठून टाळ्या वाजवायला लागल्या आणि दुसऱ्या दिवशी "मुटका, मुटका" म्हणून ह्यांना पुन्हा चढवलं. वय वर्षं ६३.

पाणी इतकं नितळ का, हे मी कप्तानाला विचारलं. तो म्हणाला आमचा डोंगर सगळा चुनखडीचा, पाऊस पडला की पाणी जमिनीत मुरतं, माती वाहून आणणाऱ्या मोठ्या नद्या ह्या किनाऱ्याला नाहीत. आपल्याकडं सह्याद्रीवरनं पावसाळ्यात काय काय वाहून येतं ते आठवा म्हणजे कळेल. आणि खारट लई. लिटरमागं ३८ ग्रॅमच्या आसपास मीठ, त्यामुळं माझ्यासारखीला पण पाठीवर पडून तरंगता आलं. भरती-ओहोटी म्हणाल तर जेमतेम फूटभर. मालवणला दुपारी समुद्र मागं जातो तसं तिथं काही होतच नाही. जिथं सकाळी पाणी होतं तिथंच संध्याकाळी. पण वाळू विसरा, गोटे असतात, आणि दगडांना काळे काटेरी गोळे चिकटलेले, त्यावर पाय पडला तर ट्रिप संपली. रबरी बूट इथनंच न्या.

आता संध्याकाळची गंमत. गावं लहान, धक्का लहान, आणि अशी छोटी जहाजं पुष्कळ, म्हणून ती एकमेकांना खेटून उभी करतात. ह्वारला आमचं चौथं होतं. म्हणजे गावात जायचं तर तीन परक्या जहाजांतनं वाट काढायची, त्यांचे लोक ताटावर बसलेत आणि आपण नवी साडी सावरत त्यांच्या टेबलामधनं जातोय. जुन्या वाड्यात दुसऱ्याच्या सोप्यातनं संडासला जायची वेळ यायची ना, डिट्टो तसं. तिसऱ्या दिवसापर्यंत मी त्यांना "या जेवायला" म्हणायला लागलो. पण आईंच्या गुडघ्याचा खरा प्रश्न इथंच आहे. एका जहाजावरनं दुसऱ्यावर जाताना मधे फट असते, कधी एक पायरी वर, कधी दीड खाली, हात धरायला माणूस असतो तरी पाय आपलाच उचलावा लागतो. आतला जिना उभा. लिफ्ट नाही. सोपा हिशोब सांगतो: आई जोतिबाच्या पायऱ्या बसत-उठत का होईना चढून उतरतात का? उतरतात असतील तर जमेल. डुब्रॉव्हनिकचा तट मात्र करू नका, १,९४० मीटर आहे आणि सारखं वर-खाली. आम्ही अर्ध्यात उतरलो, तिकिटाचे पैसे गेले, ह्यांनी रात्रीपर्यंत ऐकवलं.

मळमळ. पाच दिवस समुद्र परातीतल्या पाण्यासारखा होता. चौथ्या दिवशी सकाळी आभाळ पांढुरकं झालं, अंगाला चिकचिक, वारा दमट. कप्तानानं आग्नेयेकडं बघितलं आणि म्हणाला "युगो". आम्हाला वाटलं कुणाला हाक मारतोय. युगो म्हणजे तिकडचा वारा, आग्नेयेकडनं येतो, समुद्र खवळतो आणि माणसाचं डोकं पण फिरतं म्हणे. जुन्या काळात डुब्रॉव्हनिकच्या राज्यात युगो सुटला की मोठे निर्णय घेत नसत असं तिथले सांगतात. मेव्हण्यानं ग्लास-बशा काढून ठेवल्या, खाली ओलं कापड अंथरलं. मग दोन तास जे काय झालं ते लिहीत नाही. मी मधल्या डेकवर मागच्या बाजूला, नजर लांब क्षितिजावर ठेवून बसलो, तोंडात आवळा सुपारी, मला काही झालं नाही. ज्यांनी खोलीत जाऊन झोपायचा शहाणपणा केला ते सगळे आडवे. गोळी घ्यायची तर निघायच्या आधी घ्यायची, हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, आणि आईंना बीपी वगैरे असेल तर आधी डॉक्टरना विचारा. त्या वाऱ्यामुळं व्हिस बेट रद्द झालं, आणि बिशेवोची निळी गुहा, जिच्या फोटोवर भुलून आम्ही पैसे भरलेले, ती बघायची राहूनच गेली. त्याबद्दल परतावा-बिरतावा काही मिळत नाही. वाऱ्यापुढं कोण काय करणार, ते ठीक आहे. पण आमच्या एजंटानं एक गोष्ट लपवली ती सांगतो: बंदराची फी आणि टुरिस्ट टॅक्स जहाजावर वेगळा रोख द्यावा लागला, पहिल्याच दिवशी, युरोमध्ये. "सगळं धरून" म्हणजे काय काय धरून, हे लिहून घ्या त्याच्याकडनं.

जेवण. नाश्ता आणि दुपारचं जहाजावर, रात्रीचं बहुतेक दिवस बाहेर, आपल्या खर्चानं. शाकाहारी म्हटल्यावर मेव्हणा रोज ब्लिट्वा करायचा, म्हणजे पालकासारखी एक पालेभाजी, बटाटा, लसूण, वरनं ऑलिव्हचं तेल. चांगली असते हो, पण सलग तीन दिवस झाल्यावर मी पिशवीतनं आपली चटणी काढली. त्यानं वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवली, लालबुंद झाला, पाणी प्याला आणि दोन मिनिटांनी परत आला, आणखी थोडी मागायला. शेवटच्या दिवशी उरलेली पुडी त्यालाच देऊन आलो. काळा भात म्हणून एक मिळतो, माकुळाच्या शाईत शिजवलेला. हे म्हणाले कढई करपलीय, परत पाठव.

म्ल्येत नावाचं बेट आहे, दाट जंगल, मधे खाऱ्या पाण्याची दोन तळी, त्यातल्या एकात बेटावर जुना मठ. तिथल्या वाटाड्यानं विचारलं भारतातले कोण? आम्ही हात वर केला. म्हणाला, तुमच्याकडचं एक कुटुंब इथं राहतंय. १९१० साली तिथं विषारी साप इतके झालेले की भारतातल्या जातीची मुंगसं आणून सोडली. सापांचा बंदोबस्त झाला, मग मुंगसांनी पक्ष्यांच्या अंड्यांकडं मोर्चा वळवला, आता मुंगसांचाच ताप. तो हे सांगत होता तोवर एक खरंच वाटेवरनं सरसर गेलं. तेच, आपल्या उसाच्या बांधावर दिसतं तसलं. आणि आमच्या ह्यांनी त्या परदेशी घोळक्यात मोठ्यानं म्हटलं, "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ!" ते थांबलं. देवाशपथ थांबलं आणि वळून बघितलं. मला हसू आवरेना आणि डोळ्यात पाणी पण आलं, का ते नाही सांगता येत. एवढे पैसे घालून समुद्रापार गेलो आणि ओळखीचं भेटलं ते मुंगूस.

तुम्ही विचारलंय सहा महिन्यांनी काय वाटतं. मला तर वर्ष उलटून गेलंय. खरं सांगतो, गावं बघितली असं म्हणायला तोंड नाही. कोर्चुलात तीन तास, ह्वारला एक संध्याकाळ. कोर्चुलावाले मार्को पोलो आमचाच म्हणतात, व्हेनिसवाले आमचा म्हणतात, आम्ही त्याच्या नावाचं घर बाहेरनं बघितलं आणि आइस्क्रीम खाल्लं. आज फोटो काढून बसलो की कुठली गल्ली कुठल्या गावातली यावरनं आमच्यात वाद होतो. एकाच जागेनं घट्ट धरून ठेवलंय, ती स्प्लिट. रोमन बादशहा डायोक्लेशियन, यानं ३०५ साली आपणहून गादी सोडली आणि समुद्राकाठी बांधलेल्या वाड्यात जाऊन राहिला. तो वाडा अजून उभा आहे आणि त्यात लोक राहतात, भिंतीला दोऱ्या बांधून कपडे वाळत घातलेले, खाली केशकर्तनालय. त्याला परत राज्यावर बोलवायला लोक गेले तर म्हणाला, मी लावलेले कोबी बघितले असते तर असलं काही बोलला नसता. आमचे हे रिटायर झाल्यापासनं मागच्या परड्यात भाजी लावतात आणि आता कुणी कुठल्या कमिटीवर बोलवलं की हाच किस्सा सांगतात, मग गड्डा दाखवतात.

पण आठवतं काय म्हणाल तर दुपारचे दोन ते चार. इंजिन बंद, दोर पाण्यात चपचप वाजतोय, कुणी बोलत नाही, किनाऱ्यावरनं रातकिड्यांसारखा एकसारखा आवाज, भर उन्हात. मी ३१ वर्षं शाळेत घंटेवर जगलो. त्या दोन तासांत किती वाजले हे मी एकदाही बघितलं नाही.

एक तोटा राहिला. ३६ माणसं म्हणजे लपायला जागा नाही. पाचव्या दिवशी आमचं कडाक्याचं वाजलं, पासपोर्टवरनं, शुद्ध मराठीत. संध्याकाळी सगळं जहाज आमच्याकडं सहानुभूतीनं बघत होतं आणि कप्तानानं ह्यांना फुकट दारू पाजली. मला नाही.

शाहूपुरी_तिसरी

वरची पोस्ट भारी आहे पण मी उलटं सांगणार. आम्ही मोठ्या जहाजानं गेलो, बार्सिलोना ते रोमच्या बाजूचं बंदर, आई ७१ वर्षांची. लिफ्ट, डॉक्टर, चाकाची खुर्ची, बुफेत डाळ-भात. जहाज एवढं मोठं की हलतंय हे कळतच नाही. छोट्या जहाजावर डॉक्टर नसतो हे लक्षात घ्या, काही झालं तर पुढचं बंदर येईपर्यंत वाट बघायची.

तोटे पण सांगतो, उगाच जाहिरात नको. रोमचं बंदर रोममध्ये नाही, चिविताव्हेक्यात आहे, ७० किलोमीटरच्या वर. बसनं जाऊन येऊन रोम बघणं म्हणजे अंबाबाईच्या दारातनं कळस बघून परत. व्हेनिसला तर ऑगस्ट २०२१ पासनं २५,००० टनाच्या वरच्या जहाजांना शहरासमोरच्या कालव्यातनं जाऊच देत नाहीत. आणि धक्क्यावर उतरायची रांग बघितली तर त्र्यंबोली यात्रा बरी.

पण आई खूश होती. रोज संध्याकाळी गाणी ऐकायला जायची, एका पंजाबी मावशीशी दोस्ती झाली, अजून फोनवर बोलतात. समुद्र तिनं फारसा बघितलाच नाही आणि तिला त्याचं काही वाटत पण नाही. तुमच्या आईंचं बोट मोठ्या जहाजावर का आहे ते आधी त्यांना नीट विचारा राव, सगळे पप्पांच्याच मागं लागलेत.

कळंबा_तळं

जून की ऑगस्ट याचं उत्तर कुणी दिलं नाही. ऑगस्टमध्ये नको. सगळा युरोप सुट्टीवर, ऊन भाजतं, धक्क्याला चौथ्या नाही सातव्या जहाजात असाल. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाणी जरा गार असतं, पण आपल्याकडं शाळा सुरू व्हायच्या आत जाऊन येता, ताईच्या पोरांचं पण जमतं.

कुणाच्या डोक्यात ग्रीस असेल तर तिथं जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा असतो, आभाळ निळंशार आणि समुद्र उसळलेला, फसायला होतं. मी ग्रीसला छोट्या जहाजानं गेलो तो फक्त कॉरिंथच्या कालव्यासाठी. १८९३ साली झाला, सव्वासहा किलोमीटरच्या आसपास लांब, रुंदी तळाला २१ मीटर, दोन्ही बाजूला कापलेला उभा कडा. हात लांब केला तर दगडाला लागेल असं वाटतं. नीरो बादशहानं पहिली कुदळ मारली होती म्हणे, पुढं अठराशे वर्षं काम रखडलं. आपल्याकडच्या रस्त्यांना उगाच नावं ठेवतो आपण. मात्र दरडी कोसळून तो अधनंमधनं बंद असतो, त्यामुळं पैसे भरायच्या आधी चालू आहे का विचारायचं.

सासने_ग्राउंड

व्हिसाचं कुणी बोललं नाही, सगळे कोबी आणि मुंगसात अडकलेत. १ जानेवारी २०२३ पासनं क्रोएशिया शेंगेनमध्ये (म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात) आणि युरोत पण आलंय, त्यामुळं आता शेंगेन व्हिसाच लागतो. मोठ्यांना फी ९० युरो, वर सेंटरचा सर्व्हिस चार्ज. इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा. अर्ज सहा महिने आधीपासनं करता येतो, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळत नाहीत, म्हणून फेब्रुवारीतच उरका. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, महालक्ष्मीनं रात्री निघायचं, सकाळी मुंबई, काम करून परत. आई-पप्पांना एकदाच न्या, फाईल आधी तीनदा तपासा. पप्पांचं पेन्शनचं पासबुक आणि तुमचं खर्च करणार असल्याचं पत्र, दोन्ही लावा.

महत्त्वाचं: काही जहाजं डुब्रॉव्हनिकच्या पुढं कोटोरला जातात. ते माँटेनेग्रोत. तिथं युरो चालतो पण तो देश शेंगेनमध्ये नाही. शेंगेन व्हिसावर आत घेतात, पण परत क्रोएशियात शिरताना दुसरी एंट्री लागते. सिंगल एंट्री असेल तर बसा बोंबलत. रूट बघून मल्टिपल मागा. आणि पॅकेजवर टीसीएस, म्हणजे एजंट आधीच घेऊन सरकारला भरतो तो टॅक्स, कापतात त्याची पावती जपून ठेवा, रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. निम्मे लोक विसरतात.

कोथरूडकर_सध्या

@तटाकडील, फार सुंदर लिहिलंय. फक्त एक विचारू का? "लिहितोय", "बसलो" वाचून मी काका समजून वाचत होतो, मग मधेच "आमचे हे" आले, साडी आली, गोंधळ उडाला.

तटाकडील

काकूच आहे. आमच्यात बायका अशाच बोलतात, मी आलो, मी गेलो. पुण्यात बदली होती तेव्हा तीन वर्षं शाळेत सगळ्यांनी सुधारायचा प्रयत्न केला. मी नाही सुधारलो.

@शाहूपुरी, तुमचं आईंबद्दलचं पटलं. माझ्या ध्यानातच नाही आलं.

ब्रह्मपुरी_टेकडी

विषय भूमध्य समुद्राचा निघालाच आहे म्हणून. राजारामपुरीवाले, पप्पांना तिकडं न्यायच्या आधी टाउन हॉलच्या म्युझियममध्ये न्या. तिथली पोसायडनची मूर्ती बघितलीय का? ग्रीकांचा समुद्रदेव. काशाची, हातात मावेल एवढीशी. आपल्याच पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडली, १९४० च्या दशकात, बरोबर रोमन बनावटीची काशाची भांडी. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी त्या समुद्रावरनं निघालेला माल अरबी समुद्र ओलांडून कोकणातल्या बंदरात उतरायचा आणि घाट चढून वर यायचा. हा देव त्यातच आला असणार, आणायचा कुणी, विकत घेतला कुणी, पूजा केली का शोभेला ठेवला, काही कळायला मार्ग नाही. मी शाळेच्या सहलीत बघितला होता तेव्हा गुरुजी "हा परदेशी वरुण" म्हणून पुढं गेले.

मिसळ_जादा_कट

म्हणजे समुद्रदेव घाट चढून कोल्हापूरला आला आणि इथंच राहिला. नाद खुळा. रस्सा आवडला असणार.

राजारामपुरी_१३वी

सगळ्यांचे मनापासनं आभार. दोन दिवसांतल्या घडामोडी सांगतो.

आईला विचारलं, मोठं जहाजच का? ती म्हणाली, "तिथं चार माणसं असतील बोलायला, छोट्यात तुझे पप्पा आणि मी, ४० वर्षं बोलतोयच की." मग तिला तटाकडील काकूंची पोस्ट मोठ्यानं वाचून दाखवली. मुटक्यापाशी हसली, वाड्यातल्या सोप्यापाशी "अगदी अगदी" म्हणाली, आणि सगळं ऐकून झाल्यावर विचारलं, त्या जर्मन बायकांना इंग्रजी येत होतं का? मी म्हटलं ते महत्त्वाचं नाही. ती म्हणाली, ते सोडून दुसरं काय महत्त्वाचं आहे?

काल रविवारी दोघांना टाउन हॉलला नेलं. पप्पा त्या मूर्तीसमोर बराच वेळ उभे. एवढा लांबचा देव इथं कसा म्हणून चारदा विचारलं, मी टेकडीवाल्यांनी लिहिलेलं सांगितलं. मग बाहेर झाडाखाली बसलो तेव्हा कळलं जहाज कुठनं डोक्यात आलं. माझे आजोबा गूळ घेऊन बैलगाडीनं रत्नागिरीकडं उतरायचे, पप्पा सहा वर्षांचे असताना एकदा बरोबर गेलेले, आणि बंदरात शिडाचं गलबत बघून मला यात बसव म्हणून रडलेले. आजोबांनी म्हटलं पुढच्या खेपेला. पुढच्या वर्षी ट्रक आला, बैल विकले, खेप संपली. हे आजवर घरात कुणालाच माहीत नव्हतं, आईला पण नाही. ती म्हणाली, "सांगायचं होतं की, गणपतीपुळ्याला तिथल्या होडीत तरी बसवलं असतं."

जोतिबाची परीक्षा येत्या रविवारी आहे. काकू, एक राहिलं, त्या चार जहाजांतनं जाताना साडी जमते का? आई ड्रेस घालत नाही.

तटाकडील

सहावारी जमते, जरा वर खोचायची आणि मागं पट्टा असलेली सपाट चप्पल. कोल्हापुरी नेऊ नका, ओल्या डेकवर चामडं भिजतं आणि घसरतं, माझी एक जोडी तिथंच वाया गेली. आणि बंदरात उतरायच्या वेळी पप्पांना पुढं पाठवा, हात द्यायला तेच असू देत, तो कॉफीवाला पोरगा नको. आणि हो, त्यांना इंग्रजी येत होतं. माझ्यापेक्षा बरं. चटणी किलोभर न्या.